पाचाचे नऊ, नवाचे चार

एप्रिल २०१६. मिरजेहून निघालेली 'जलदूत' ही पाण्याची रेल्वे १२ तारखेला लातूरला पोचली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. दुसऱ्याच दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर खेळवा. माणसं घागरी घेऊन रांगेत उभी असताना मैदानावरची हिरवळ भिजवायची, हे कुणालाच पटण्यासारखं नव्हतं. या आदेशाची झळ पुण्याच्या नव्याकोऱ्या संघाला, रायझिंग पुणे सुपरजायंट्सला, चांगलीच बसली. १ मेचा एक सामना सवलत म्हणून पुण्यात झाला, बाकीचे तीन 'घरचे' सामने थेट विशाखापट्टणमला गेले.

त्या हंगामात घरच्या, गहुंजेच्या मैदानावर पुणे चार सामने खेळलं आणि चारही हरलं. विशाखापट्टणमला तीन खेळलं, त्यातले दोन जिंकलं. दुष्काळाने संघाचं भलं केलं, असं काही कुणी म्हणालं नाही, कारण ते ऐकायलाच विचित्र वाटतं. पण तीन-चार सामन्यांच्या तेवढ्याच आधारावर 'कर्णधार बदलला म्हणून जिंकले', 'अमक्याला वर खेळवलं म्हणून हरले' असले निष्कर्ष आपण रोज काढतो आणि टपरीवर त्यावरून हमरीतुमरीवरही येतो. जिंकणारा संघ खरंच चांगला होता, की त्याचं त्या वर्षी जमून आलं, हा प्रश्न अमेरिकेतले बेसबॉलवाले कित्येक वर्षं आकडे मांडून सोडवत आले आहेत. आपल्याकडे तो सोडवायला पुण्याच्या या संघाइतकं सोयीचं उदाहरण सापडणार नाही.

चेन्नई आणि राजस्थान या दोन संघांवर सट्टेबाजीच्या प्रकरणात दोन वर्षांची बंदी आली होती. त्यांच्या जागी पुणे आणि गुजरात लायन्स हे संघ फक्त २०१६ आणि २०१७ या दोन हंगामांपुरते आले आणि गेले. साखळीत प्रत्येकाला चौदा सामने. २०१६ मध्ये धोनीच्या नेतृत्वाखाली पुणे पाच जिंकून आठांत सातवं आलं. गुजरात नऊ जिंकून गुणतालिकेत पहिलं. पुढच्या वर्षी बरोब्बर उलटं झालं. पुण्याने नऊ जिंकले, दुसरा क्रमांक मिळवला आणि अंतिम सामना गाठला. गुजरात चार विजयांवर अडकून सातवं.

याची कारणं त्या वेळी भरभरून दिली गेली. पुण्याने धोनीकडून कर्णधारपद काढून स्टीव्ह स्मिथला दिलं. बेन स्टोक्सला साडेचौदा कोटींना घेतलं. जयदेव उनाडकटने २४ बळी काढले. पुण्याच्याच राहुल त्रिपाठीने सलामीला येऊन धावांचा पाऊस पाडला. संघाने आपल्या नावातला शेवटचा 'स'सुद्धा गाळला, 'सुपरजायंट्स'चे 'सुपरजायंट' झाले. करंडक हाती आला असता तर कुणीतरी त्या 'स'लाही श्रेय दिलंच असतं.

यातली काही कारणं खरी आहेत. स्टोक्ससारखा खेळाडू संघात आला की फरक पडतोच, आणि २०१६ मध्ये पीटरसन, डु प्लेसी, स्मिथ, मिचेल मार्श असे एकेक जण दुखापतीने घरी गेले होते हेही खरं. पण पाचाचे नऊ व्हायला एवढ्या कारणांची गरज होती का, हे आधी तपासायला हवं.

एक नाणं घ्या. छापा म्हणजे विजय, काटा म्हणजे पराभव. चौदा वेळा उडवा. नाण्याच्या अंगी ना कसब असतं ना कर्णधार, तरी त्याला दर वेळी सातच विजय मिळत नाहीत. हिशेब केला तर नऊ किंवा त्याहून अधिक छापे पडण्याची शक्यता सुमारे २१ टक्के येते. पाच किंवा त्याहून कमी पडण्याचीही तेवढीच. म्हणजे अगदी मध्यम कुवतीचा, पन्नास टक्क्यांचा संघ पाचांतल्या एका हंगामात 'भन्नाट' दिसणार आणि पाचांतल्या एकात 'भिकार'. खेळाडू तेच, प्रशिक्षक तोच. अशी आठ नाणी घेऊन अख्खी गुणतालिका बनवली, तर त्यांतलं किमान एक नाणं दहा किंवा जास्त सामने जिंकून जाण्याची शक्यता निम्म्याहून थोडी अधिक आहे. त्या नाण्याच्या मालकाची मुलाखत छापून यायला हरकत नाही.

आता खऱ्या गुणतालिकेकडे येऊ. २०१७ च्या साखळीतले विजय असे होते: मुंबई १०, पुणे ९, हैदराबाद आणि कोलकाता ८-८, पंजाब ७, दिल्ली ६, गुजरात ४, बंगळुरू ३. एक सामना पावसात वाहून गेला. हे आकडे किती पसरलेले आहेत ते मोजायची रीत शाळेतलीच आहे. प्रत्येक संघ सरासरीपासून किती दूर आहे ते काढायचं, त्याचा वर्ग करायचा आणि सगळ्या वर्गांची सरासरी घ्यायची. उत्तर येतं पाचाच्या थोडं वर. हीच गोष्ट आठ नाण्यांसाठी केली तर चौदा सामन्यांच्या हंगामात ते उत्तर साडेतीनच्या आसपास येणार. बेसबॉलवाल्यांनी लावलेली साधी युक्ती इथे कामाला येते. दिसणारा पसारा म्हणजे कुवतीचा पसारा अधिक नशिबाचा पसारा. पाचांतून साडेतीन गेले, उरले दीड-दोन. त्या वर्षीच्या आयपीएलच्या गुणतालिकेत जे चढउतार दिसत होते, त्यांतले जवळजवळ दोन तृतीयांश नुसत्या नाणेफेकीनेही दिसले असते.

हा एका हंगामाचा अंदाज आहे. दुसऱ्या वर्षाचे आकडे घेतले तर तो थोडा इकडे-तिकडे सरकेल. पण दिशा बदलत नाही. चौदा सामने फार थोडे आहेत.

यावरूनच पुढच्या हंगामाचं भाकीत करायची एक सोपी रीत निघते. संघाच्या खऱ्या निकालात काही काल्पनिक, निम्मे जिंकलेले सामने मिसळायचे आणि मग टक्केवारी काढायची. खेळात नशीब जेवढं जास्त, तेवढे जास्त सामने मिसळायचे. वरच्या आकड्यांवरून आयपीएलसाठी ही भर साधारण पंचवीस ते तीस सामन्यांची निघते. पंचवीसच धरू. नऊ जिंकणाऱ्या संघाचं मग असं होतं: नऊ अधिक साडेबारा म्हणजे साडेएकवीस, भागिले एकोणचाळीस, म्हणजे ५५ टक्के. पुढच्या चौदांत सुमारे पावणेआठ विजय. पाच जिंकणाऱ्याला याच हिशेबाने सव्वासहा मिळतात. गुणतालिकेत ज्यांच्यात चार विजयांची दरी दिसली, त्यांच्यात खरा फरक दीडच विजयाचा निघाला. एका सालच्या उताऱ्यावरून सोयाबीनचं बियाणं ठरवायचं नसतं, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. क्रिकेटच्या लिलावात मात्र तेच चालतं.

विजयांपेक्षा बरं माप म्हणजे फरक: किती धावांनी जिंकले, किती धावांनी हरले. बिल जेम्स या अमेरिकन लेखकाने बेसबॉलसाठी एक सूत्र मांडलं. केलेल्या धावांचा वर्ग भागिले केलेल्या आणि दिलेल्या धावांच्या वर्गांची बेरीज. त्यातून संघाने किती टक्के सामने जिंकायला हवे होते ते कळतं. ज्याचे प्रत्यक्ष विजय या आकड्याहून खूप जास्त असतात, तो पुढच्या वर्षी बहुधा खाली येतो. कारण एका धावेने जिंकणं आणि एका धावेने हरणं यांत कसबाचा वाटा फार थोडा असतो. आपल्याकडे याच्या जवळ जाणारं माप म्हणजे नेट रनरेट, षटकामागे केलेल्या आणि दिलेल्या धावांतला फरक, जो आपण गुण समान झाल्यावर बरोबरी फोडण्यापुरता वापरतो.

पुण्याचा २०१६ चा नेट रनरेट होता अधिक ०.०१५. पाच विजय, नऊ पराभव, आणि तरीही एकूण धावांच्या हिशेबात संघ तसूभर पुढेच! ज्या चार सामन्यांत गहुंजेवर हार झाली, त्यांतला कोलकात्याविरुद्धचा सामना दोन गड्यांनी गेला, गुजरातविरुद्धचा शेवटच्या चेंडूवर. विशाखापट्टणमला हैदराबादविरुद्ध अॅडम झॅम्पाने १९ धावांत सहा बळी घेतले आणि पुणे चार धावांनी हरलं. हा वाईट संघ नव्हता. हा मधला संघ होता आणि त्याचे अटीतटीचे सामने उलटे पडले होते. २०१७ मध्ये नेट रनरेट झाला अधिक ०.१७६, म्हणजे वीस षटकांमागे साडेतीन धावांची आघाडी. सुधारणा खरी आहे, पण लहान आहे. त्याच वर्षी पुण्याच्या खाली राहिलेल्या हैदराबादची आघाडी बारा धावांची होती, कोलकात्याची जवळजवळ तेरा. या वेळी अटीतटीचे सामने पुण्याकडे झुकले. हैदराबादला शेवटच्या चेंडूवर हरवलं, वानखेडेवर मुंबईला तीन धावांनी.

गुजरातचं प्रकरण आणखी मजेशीर आहे. २०१६ मध्ये पहिल्या क्रमांकावर असताना त्यांचा नेट रनरेट उणे ०.३७४ होता. मुंबईवर आणि पुण्यावर विजय शेवटच्या चेंडूवर, दिल्लीवर फक्त एका धावेने. पुढच्या वर्षी नेट रनरेट उणे ०.४१२, म्हणजे होता तिथेच, आणि विजय नवावरून चारांवर. वाचून वाटेल की झालं सिद्ध, सगळं नशीबच. पण २०१६ मधल्या त्या उण्या आकड्यात एक खोट आहे. बंगळुरूने, म्हणजे कोहली आणि डिव्हिलियर्स यांनी, एका सामन्यात गुजरातला १४४ धावांनी झोडपलं होतं. तेवढा एक दिवस वगळला तर गुजरात किंचित अधिकच्या बाजूला येतं. नेट रनरेट एका मोठ्या मारामारीने वाकतो, हा त्याचा दोष. तरीही उरतो तो एक मधला संघच, गुणतालिकेत पहिला यावा असा नाही.

आणि बंगळुरू? २०१६ मध्ये त्यांचा नेट रनरेट सगळ्यांत चांगला, अधिक ०.९३२. कोहलीच्या एकट्याच्या ९७३ धावा, अंतिम सामन्यापर्यंत मजल. पुढच्या वर्षी तोच संघ तीन विजयांसह तळाला. फरकाचं माप इथे तोंडावर आपटलं. कोहली सुरुवातीला दुखापतीने बाहेर होता, के. एल. राहुल संपूर्ण हंगाम नव्हता. दुखापत हेही एका अर्थी नशीबच, पण नाण्याचं नव्हे. ती संघाची कुवतच बदलून टाकते, आणि गेल्या वर्षीचा कुठलाच आकडा ती आधी सांगत नाही.

२०१७ चा अंतिम सामना पाहा. २१ मे, हैदराबाद. मुंबई ८ बाद १२९. त्या हंगामात पुण्याने मुंबईला तीनदा हरवलं होतं, साखळीत दोनदा आणि पात्रता फेरीत एकदा. शेवटच्या षटकात हव्या होत्या अकरा धावा, गोलंदाज मिचेल जॉन्सन. पहिल्या चेंडूवर मनोज तिवारीचा चौकार. दुसऱ्यावर तिवारी झेलबाद. तिसऱ्यावर ५१ धावांवर खेळणारा स्मिथ झेलबाद. चौथ्यावर एक बाय. पाचव्यावर झेल सुटला आणि दोन धावा मिळाल्या. शेवटच्या चेंडूवर चार हव्या होत्या. ख्रिश्चनने चेंडू सीमेकडे मारला, दोन पळून झाल्या, तिसरी धावताना एक फलंदाज धावबाद. पुणे १२८. चार भेटींत पुणे तीन, मुंबई एक, करंडक मुंबईचा. पाचव्या चेंडूवरचा तो झेल हातात बसला असता तर मुंबई आणखी आरामात जिंकली असती. शेवटचा फटका दोन क्षेत्ररक्षकांच्या मधून गेला असता तर आज रोहित शर्माच्या कर्णधारपदाच्या कौतुकातला एक परिच्छेद कमी असता. दोन्ही शक्यतांत मुंबई आणि पुणे हे संघ अगदी होते तसेच.

बेसबॉलमध्ये साखळीचा हंगाम १६२ सामन्यांचा असतो. तरीसुद्धा नाण्याच्या संघाचे विजय ८१ च्या आसपास सहा-साडेसहाने सहज हलतात, आणि त्या खेळात उत्तम संघही शंभरात साठच्या आसपासच सामने जिंकतो. २००२ मध्ये ओकलंडच्या स्वस्तातल्या संघाने सलग वीस सामने जिंकले, हंगामात १०३ विजय मिळवले, त्यावर पुस्तक आलं, चित्रपट आला. आणि बाद फेरीच्या पहिल्याच पाच सामन्यांच्या मालिकेत तो गारद झाला. १६२ सामन्यांत दिसलेलं कसब पाच सामन्यांत दिसेलच, याची हमी कोण देणार?

सामना जितका लांब, तितकी कुवतीला वर यायला संधी. ट्वेंटी-ट्वेंटीत दोन्ही डावांचे मिळून २४० चेंडू, तर चार दिवसांच्या सामन्यात ते दोन हजारांच्या वर जातात. म्हणून रणजीतल्या यशाकडे मी जास्त आदराने पाहतो. मुंबईने १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत सलग पंधरा वेळा रणजी करंडक जिंकला. हे नशीब म्हणणारा माणूस चेष्टेचा विषय होईल, आणि व्हावा. पण अगदीच नशिबाविनाही ते झालेलं नाही. समजा, दर वर्षी करंडक जिंकण्याची मुंबईची शक्यता ९० टक्के होती, म्हणजे अफाट. तरी पंधरा वेळा सलग जिंकण्याची शक्यता येते जेमतेम २० टक्के. ८० टक्के धरली तर साडेतीन. तेव्हाची मुंबई अजोड होतीच, पण त्या पंधरा वर्षांत कधी ना कधी निसटता प्रसंग आलाच असणार आणि तो मुंबईच्या बाजूने पडलाच असणार. १९७३-७४ मध्ये उपांत्य फेरीत कर्नाटकाने ही साखळी तोडली, तेव्हा मुंबई एका रात्रीत वाईट झाली नव्हती.

विदर्भाचं उदाहरण मला त्याहून बोलकं वाटतं. डिसेंबर २०१७, ईडन गार्डन्स, उपांत्य सामना. कर्नाटकाला जिंकायला १९८ हव्या होत्या, रजनीश गुरबानीने ६८ धावांत सात बळी घेतले आणि कर्नाटक १९२ वर संपलं. पाच धावा. इंदूरच्या अंतिम सामन्यात गुरबानीची हॅट्‌ट्रिक, दिल्लीवर नऊ गडी राखून विजय, विदर्भाचा पहिला रणजी करंडक. त्या दिवशी कुणी 'फ्लूक' म्हटलं असतं तर पाच धावांकडे बोट दाखवता आलं असतं. मग २०१८-१९ आलं. स्पर्धेत ३७ संघ. सगळे सारखेच असते तर गतविजेत्याने पुन्हा जिंकण्याची शक्यता सदतिसात एक. विदर्भाने नागपूरला सौराष्ट्राला ७८ धावांनी हरवून करंडक राखला. २०२३-२४ ला उपविजेते, २०२४-२५ ला पुन्हा विजेते. कर्णधार बदलले, प्रशिक्षक बदलले. पहिल्या करंडकावरून जे सांगता येत नव्हतं ते पुढच्या या तीन निकालांनी सांगितलं.

हाच हिशेब लातूर जिल्ह्यात जिथे सर्वाधिक लागू पडतो, तो विषय क्रिकेटचा नाही. दहावीचा निकाल लागला की 'शंभर टक्के निकाल' लागलेल्या शाळांच्या याद्या येतात. एखाद्या शाळेतल्या प्रत्येक मुलाची पास होण्याची शक्यता ९५ टक्के धरू. वर्गात दहाच मुलं असतील, तर शंभर टक्के निकालाची शक्यता साठ टक्के. शंभर मुलं असतील, तर एका टक्क्याहूनही कमी. शिकवणं तेच. म्हणून याद्यांत लहान शाळा वरही दिसतात आणि तळालाही. अध्यापन बदललं की नाही हे पाहण्याआधी पट किती हे पाहावं. इथल्या अभ्यासाच्या पद्धतीच्या, म्हणजे लातूर पॅटर्नच्या, नावाला वजन आहे ते एका वर्षाच्या टॉपरमुळे नाही, हजारो मुलांचे निकाल वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा तसेच आल्यामुळे आहे. जाहिरातीच्या फलकावर मात्र फोटो टॉपरचाच लागतो.

आणि आपल्या टेनिस बॉल स्पर्धा. चाकूर-अहमदपूर पट्ट्यात कुठल्याही मैदानावर होते तशी एक धरा: सोळा संघ, बाद पद्धत, एक हरला की घरी. त्यातला सगळ्यांत दमदार संघ कुणाविरुद्धही शंभरात सत्तर वेळा जिंकतो असं मानू. चषकाला चार विजय लागतात. ०.७ चार वेळा गुणा: चोवीस टक्के. म्हणजे मैदानावरचा सर्वोत्तम संघ चारांतल्या तीन स्पर्धांत चषक घेऊन जाणार नाही, आणि आपण जिंकणाऱ्याचा हलगी लावून सत्कार करू, हरलेल्याला 'ऐन वेळी दबावाखाली खचला' म्हणू.

खरा दमदार संघ शोधायचाच असेल तर आयोजकांना साखळी ठेवावी लागेल, प्रत्येकाची प्रत्येकाशी गाठ. सोळा संघांच्या बाद फेरीला पंधरा सामने पुरतात. साखळीला लागतात एकशेवीस. रोज सहा सामने उरकले तरी वीस दिवस मैदान अडकतं, पंच, चेंडू, मांडव, जेवणाचा खर्च आठपट, आणि बाराव्या दिवसापासून निम्म्या संघांना काही मिळायचं राहिलेलं नसल्याने ते यायचंच बंद करतात. म्हणून बाद फेरीच ठेवतात, आणि अंतिम सामन्याला गर्दीही तिथेच होते.